नियम, अंतर आणि जात : आंबेडकरांच्या १९१६ च्या निबंधाची तर्करचना

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी वाचलेला 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध जातिविषयक भूमिकेसाठी वाचला जातो; समाजशास्त्रीय स्पष्टीकरणाचा नमुना म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते.

श्री. व्यं. केतकरांनी १९०९ च्या इंग्रजी ग्रंथात जातीची दोन लक्षणे सांगितली होती : जन्मसिद्ध सदस्यत्व आणि गटाबाहेरील विवाहास बंदी. आंबेडकरांच्या मते ही दोन्ही एकच; बाहेर विवाह नसेल तर बाहेरचा कोणी जन्माने आत येणारच नाही. हा संक्षेप तर्कदृष्ट्या देखणा आहे. मात्र केतकरांच्याच 'ब्राह्मणकन्या' (१९३०) या कादंबरीतील कालिंदी तो अडवते. पिता ब्राह्मण असूनही मातृकुळामुळे तिच्या विवाहाचे दार बंद होते. जन्म आणि विवाह तेथे एकमेकांपासून सुटतात.

अंतर्विवाही गटात जोडीदाराच्या मृत्यूने 'अतिरिक्त' स्त्री वा पुरुष उरतो. सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह हे त्यावरचे उपाय होत. या रूढींचे गौरवगान त्यांचा उगम सांगत नाही, हे आंबेडकरांचे निरीक्षण समर्थन आणि कारण यांची नेमकी फारकत करते. तथापि रूढी गटाला उपयुक्त ठरते म्हणून ती उद्भवली, असे सिद्ध होत नाही. कार्ल हेम्पेलने १९५९ साली कार्यात्मक विश्लेषणाची जी चिकित्सा केली, ती येथेही लागू पडते.

खरा नियम येतो तो गाब्रिएल तार्दकडून : अनुकरण वरून खाली जाते आणि अंतर वाढते तसे क्षीण होते. म्हणून ब्राह्मणांच्या निकटच्या जातींत तिन्ही रूढी, नंतरच्यांत वैधव्य व बालविवाह, त्यापुढे केवळ बालविवाह, आणि सर्वांत दूरच्यांत जातितत्त्वावरील श्रद्धा तेवढी. ही उतरंड तपासता येते, म्हणजेच ती चुकीचीही ठरू शकते. जातिमीमांसेत असे धाडस विरळाच.

पेच आहे तो 'अंतर' या पदाचा. दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये केंद्र सरकारची घरे वेतनश्रेणीनुसार मिळतात. भिन्न प्रांतांची आणि जातींची कुटुंबे एकाच जिन्याने चढतात-उतरतात. येथे स्थलगत अंतर नाही; सामाजिक अंतर किती, हे जिना सांगत नाही. ते अनुकरणाच्या प्रमाणावरून ठरवले तर नियम स्वतःलाच पुरावा देऊ लागतो. विवाहसंबंधांवरून मोजावे, तर जे स्पष्ट करावयाचे तेच मोजमापात शिरते. उरतात पंगत, पाणी, परस्परांकडील येणेजाणे; आणि त्यांचे मोजमाप १९१६ च्या निबंधात नाही.