पाटीवरील अक्षराचे माप : नांदेड व लातूर येथील फलकलेखनासंबंधी काही विचार

शिलालेख, ताम्रपट, मोडी दफ्तरे आणि छापखान्यातील खिळे यांचा लिपीच्या दृष्टीने आपल्याकडे पुष्कळ विचार झाला आहे. दुकानावरील पाटीच्या वाट्याला तो मान आला नाही. तिचे आयुष्य थोडे, तिचा कर्ता अनामिक आणि तिचा हेतू व्यावहारिक, ही त्याची कारणे असावीत. तथापि २०२२ मध्ये महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात दुरुस्ती झाली आणि पाटीवरील अक्षर हा एकाएकी कायद्याचा विषय बनला. नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असावा, मराठी अक्षरे प्रारंभी असावीत व त्यांचा आकार इतर कोणत्याही लिपीतील अक्षरांहून लहान नसावा, असे या दुरुस्तीने ठरविले. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही तिच्या कक्षेत आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. भाषेच्या अभिमानाची चर्चा या निमित्ताने भरपूर झाली. पण अक्षराचा ‘आकार’ म्हणजे काय, आणि तो कोठून कोठवर मोजावयाचा, हा साधा प्रश्न बाजूलाच राहिला.

हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. आज पाटी रंगाच्या कुंचल्याने क्वचितच लिहिली जाते. ती प्रथम कोरलड्रॉसारख्या संगणकप्रणालीत प्रमाणबद्ध आखली जाते आणि मग फ्लेक्सवर छापली जाते किंवा ॲक्रिलिकमधून कापली जाते. या आखणीत अक्षराचा आकार पॉइंटात सांगतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. परंतु पॉइंट हे माप मुळात अक्षराचे नव्हेच. ते अक्षर ज्या शिशाच्या ठोकळ्यावर उठविलेले असे त्या ठोकळ्याच्या उंचीचे माप आहे. ठोकळा गेला, माप उरले. म्हणून सारख्याच पॉइंटाच्या दोन फाँटांतील ‘क’ शेजारी ठेवले तर एक दुसऱ्याहून ठळकपणे लहान दिसू शकतो.

पुढची गोष्ट अधिक गंमतीची आहे. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांत आखलेली फाइल छपाईच्या दुकानात उघडली आणि तेथे तो फाँट नसला, तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. यावर उपाय म्हणून मजकुराचे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करूनच फाइल पाठविण्याचा प्रघात पडला. कापकाम असेल तर शिरोरेषांचे जोडही एकजीव करावे लागतात. नाहीतर यंत्राचे पाते प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषा कापीत जाते. एवढे संस्कार झाल्यावर फाइलमध्ये फाँटही राहत नाही व पॉइंटही राहत नाही. राहतो तो शब्दाला चोहोबाजूंनी वेढणारा एक आयत, आणि त्याची लांबी व उंची. कायदा ज्या आकाराविषयी बोलतो तो पाटी तयार होण्यापूर्वीच लुप्त झालेला असतो.

मग व्यवहारात आयतच मोजला जातो, आणि येथेच देवनागरीवर अन्याय होतो. रोमन मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या नावात बहुधा वर काही उठत नाही, खाली काही लोंबत नाही. आयताची उंची तीच अक्षराची उंची. देवनागरीत तसे नाही. समजा, शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षराचा देह १० भाग आहे, वरच्या मात्रेला ४ भाग लागतात आणि खालच्या उकाराला ४. आता १२ इंच उंचीच्या आयतात निरनिराळी नावे बसवून पाहावी. ‘कापड’ या शब्दाचा देह पूर्ण १२ इंच होतो. ‘लातूर’ला खाली ऊकार आहे, ‘नांदेड’ला वर अनुस्वार व मात्रा, दोहोंचा देह सुमारे ८.६ इंचांवर येतो. आणि ‘शिवकृपा’ या लोकप्रिय नावात वर वेलांटी, खाली ऋकार, म्हणून देह अवघा ६.७ इंच. शेजारी तेच नाव रोमन मोठ्या अक्षरांत १२ इंच उभे असेल, तर दोन्ही आयत समान असल्याने कायद्याचे पालन झाले असेच कोणीही म्हणेल. वाचणाऱ्याला मात्र मराठी नाव जवळजवळ निम्मे दिसते.

जुना पेंटर या फसवणुकीत सापडत नसे, कारण त्याची सुरुवातच वेगळी होती. तो प्रथम दोन रेघा मारी, एक शिरोरेषेची व एक पायाची. देह या दोहोंमध्ये ठरे. मात्रा व उकार वरच्या-खालच्या मोकळ्या जागेत जात. एस. व्ही. भागवत यांनी १९६१ मध्ये देवनागरीच्या रेषांची जी मांडणी केली आणि बापूराव नाईक यांच्या १९७१ च्या त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथात देवनागरीच्या मुद्राक्षरांचा जो विस्तृत अभ्यास आला, त्यांचे तत्त्व पेंटरच्या त्या दोन रेघांहून निराळे नाही. यावरून जुने ते सर्व चांगले असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. शेवटचे अक्षर जागा संपल्यामुळे चेपून बसविलेल्या हाताच्या पाट्याही विपुल होत्या. शिवाय त्या दोन रेघा संगणकाच्या पडद्यावरही ओढता येतात आणि पक्क्या करून ठेवता येतात. त्या ओढल्या जात नाहीत याचे कारण अर्थशास्त्रात आहे. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो; पैसे दिलेली जागा रिकामी कशी सोडावी, असे गिऱ्हाइकाला वाटते, आणि शब्द कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणला जातो.

ताणण्याचाच दुसरा प्रकार म्हणजे आवळणे. ‘औरंगाबाद’च्या पाटीवर ‘छत्रपती संभाजीनगर’ बसवावयाचे तर लांबी जवळजवळ दुप्पट हवी. पाटी मात्र तेवढीच. संगणकावर शब्दाची रुंदी निम्मी केली की उभे दंड निम्म्या जाडीचे होतात, आडवी शिरोरेषा मात्र मूळच्या जाडीची राहते. परिणामी जाड तुळईखाली काटक्या लावाव्यात तसा शब्द दिसतो. जाणता पेंटर दंडाची जाडी राखून अक्षराच्या पोटातील पोकळी कमी करी. संगणकाला हा भेद कळत नाही. तो चालविणाऱ्याला कळावयास हवा.

लातूरच्या गंजगोलाईत या दोषाची कसोटी लागते. या वर्तुळाकार बाजारपेठेला १६ रस्ते येऊन मिळतात. तेथील पाटी वाटसरू समोरून पाहण्याआधी तिरपी पाहतो. नजर पाटीच्या लंबाशी ६० अंशांचा कोन करीत असेल तर रुंदी निम्मी दिसते, उंची तेवढीच राहते. आधीच निम्मे आवळलेले अक्षर अशा वेळी मूळ रुंदीच्या चतुर्थांशाएवढे भासते. पडद्यावरील आराखडा नेहमी समोरचा असतो. गंजगोलाईचे कोन त्यात नसतात. प्रमाण केवळ लांबी-रुंदीला लावून भागत नाही, अंतरालाही लावावे लागते, हेही विसरले जाते. १० फुटी पाटी १५ इंची पडद्यावर दिसते तेव्हा प्रमाण १:८ असते. दोन फुटांवरून ती न्याहाळणारा माणूस वस्तुतः १६ फुटांवरून पाहत असतो. रस्त्यापलीकडून ८० फुटांवरून ती कशी दिसेल हे जाणावयाचे तर त्याने खुर्ची सोडून १० फूट मागे जावे. अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो की सुटा राहतो, ‘घ’ व ‘ध’ वेगळे ओळखू येतात की नाही, हे तेथूनच कळेल.

नांदेडचा प्रश्न निराळा आहे. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या शहरात उर्दूची परंपरा जुनी. गुरुद्वारामुळे गुरमुखी आली. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू सुरू होते. इतर कोणत्याही लिपीहून लहान नसावे, असे म्हणताना कायद्याच्या मनात इंग्रजीच असावी. गुरमुखीशी तुलना सोपी, कारण तिलाही शिरोरेषा आहे. तेलुगूला शिरोरेषा नाही आणि तिचे जोडाक्षर खाली उतरते. नस्तालीक उर्दूत तर शब्द उजवीकडे उंच आरंभ होऊन डावीकडे उतरत जातो. लांब शब्दाचा आयत उंच होतो आणि त्यातील अक्षर लहान राहते. आयताचे जे माप रोमनच्या तुलनेत देवनागरीवर अन्याय करते, तेच येथे उर्दूवर करील. उर्दू कातिबांनी मात्र आयत कधी मोजलाच नाही. त्यांचे माप ‘नुक्ता’, म्हणजे लेखणीच्या टोकाने उमटणारा ठिपका; नस्तालीकचा अलिफ साधारण तीन नुक्त्यांचा धरतात. अलिफ उभा, देवनागरीचा दंडही उभा. शिरोरेषेपासून पायापर्यंतचा दंड आणि हा अलिफ शेजारी ठेवून त्यांची उंची पट्टीने मोजता येते.