गॅलरीतला पाऊस आणि गाळ्यावरचा देव

ना. धों. महानोर ३ ऑगस्ट २०२३ला पुण्यात गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या मृत्युलेखांनी त्यांना तातडीनं रानात पोचवून दिलं. रानकवी, निसर्गकवी, पावसाचा कवी. पळसखेडला आयुष्यभर शेती केलेला, फळबागा वाढवलेला, विधान परिषदेत बसून पाण्याबद्दल बोललेला माणूस उरला तो 'जैत रे जैत'च्या गाण्यांपुरता. तेव्हापासून डोक्यात जे खदखदतंय ते आता लिहूनच टाकतो. कारण हा प्रकार एका कवीपुरता नाही. निसर्गात आणि रोजच्या जगण्यात 'काहीतरी दिव्य' शोधण्याची जी टूम सध्या मराठी कवितेत, ललित गद्यात, चित्रांत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत आली आहे, तिनं निसर्गही सोडला आहे आणि रोजचं जगणंही.

तुम्ही हे साहित्य वाचलेलं आहे. पहिल्या परिच्छेदात पाऊस, दुसऱ्यात आजी, तिसऱ्यात कोकण आणि शेवटी 'आत खोल काहीतरी हललं'. कवितेत प्राजक्ताचा सडा, चहाचा कप, मौन. व्हिडिओ असेल तर मागे बासरी. हे सगळं लिहिणारा माणूस गॅलरीत उभा असतो, रेलिंगला टेकून, आणि निसर्ग समोर असतो. त्याला हात लावायचं कारण पडत नाही. हात लावायची वेळ आलीच तर ती कुंडीतल्या तुळशीला.

पुण्यात निसर्ग येतो कुठून, हे या मंडळींना ठाऊक नसावं. तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतो, पहाटे, ट्रक आणि टेंपोंतून. ज्या शहरात दर चौथ्या माणसाचा कवितासंग्रह असतो, त्या शहराला जगवणाऱ्या या जागेबद्दल लक्षात राहील अशी एक ओळ मला गेल्या कित्येक वर्षांत वाचायला मिळालेली नाही. जुन्या मंडईबद्दल मिळतात, हव्या तेवढ्या. १८८६ साली उघडलेली ती रे मार्केटची देखणी इमारत, तो अष्टकोन, तो मनोरा, त्या टोपलीवाल्या मावशी. यांवर स्मरणरंजनाचं पीक बारमाही आहे. महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत असताना या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घाला म्हणून सांगितलं होतं, आणि पुढे अत्र्यांच्या पुढाकारानं तिला त्यांचंच नाव मिळालं, ही गंमत त्या लेखांत क्वचितच असते. असो. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला आणि मराठी ललित लेखक मंडईतच राहिला.

यार्डात पहाटे काय दिसतं? कोथिंबीर दिसते. जुड्यांचे ढीग, वर गोणपाट, त्यावर पाणी मारलेलं, आणि भाव शेकड्यावर बोलला जातो. आवक वाढली की तासाभरात भाव उतरतो आणि जुडी ज्यानं बांधली त्याचा चेहरा बदलतो. पलीकडे कांद्याच्या पिशव्या उतरत असतात. हमालाच्या हातात लोखंडी आकडा, पाठीवर घडी केलेलं पोतं. तो वाकतो, वरचे दोघं डाग त्याच्या पाठीवर सोडतात आणि ओझं पाठीवर बसल्या क्षणी तो अर्धं पाऊल मागे घेऊन मग पुढे निघतो. ते अर्धं पाऊल मी फार वेळा पाहिलं आहे. शरीर ओझ्याशी बोलणी करून घेतं, मग चालतं. सकाळ वर आली की गाळ्याच्या कडेला शेतकरी पट्टी हातात घेऊन उभा असतो. वजन, भाव, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, गाडीभाडं वजा. खालचा आकडा तो दोनदा वाचतो. पाऊस या माणसाच्याही लेखी देवाचाच असतो. पण तो त्याला पट्टीवर दिसतो.

आता सावता माळी घ्या. माढा तालुक्यातल्या अरणचा हा माणूस मळा सोडून पंढरीला गेला नाही, देवच त्याच्याकडे आला, अशी कथा आहे. त्याचे जेमतेम ३७ अभंग उरले आहेत आणि त्यांतल्या एकात वाफ्यातली सगळी भाजी, कांद्यापासून कोथिंबिरीपर्यंत, त्याला विठ्ठल वाटते. आपण हे पाठ्यपुस्तकात वाचतो, छान छान म्हणतो आणि विसरतो. मग पाब्लो नेरुदानं १९५४च्या संग्रहात कांद्यावर स्तोत्र लिहिलं आहे असं कळलं की आपल्या डोळ्यांत पाणी येतं. नेरुदा थोरच, पण त्याचा कांदा टेबलावरचा आहे. सावत्याचा कांदा अजून जमिनीत आहे, त्याला पाणी द्यायचं आहे, खुरपायचं आहे आणि त्या कामाच्या आड जे येईल ते, पंढरीची वारीसुद्धा, त्याला नको आहे. अध्यात्माच्या इतिहासात इतकं उद्धट विधान फार थोड्यांनी केलं असेल. आपण त्याचं गोड भक्तिगीत करून टाकलं.

तुकोबांचं तर त्याहून वाईट केलं. हा देहूचा वाणी. दुकान होतं, सावकारी होती, घरात महाजनकी होती. १६३०च्या आसपासच्या दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. माप, भांडवल, नफा, तोटा हे त्याच्या अभंगांतले शब्द हिशेबाच्या वहीतून आलेले आहेत. आणि एका अभंगात तो स्वतःला काय म्हणवून घेतो? हमाल. कोठार फुटलं आहे, माल धन्याचा आहे, आपण फक्त वाहून नेणारे. कवीच्या कामाची इतकी नेमकी जागा मराठीत दुसऱ्या कुणी दाखवली नाही. आजचा कवी 'माझी कविता', 'माझं आकाश', 'माझा पाऊस' यांतून बाहेर यायला तयार नाही आणि तुकोबा सांगतो की माल माझा नाहीच. दिलीप चित्र्यांनी 'पुन्हा तुकाराम' (१९९०) लिहून त्याला भजनी टाळ्यांमधून सोडवायचा केवढा प्रयत्न केला. आता तो पुन्हा रिंगणाच्या ड्रोन फोटोंत अडकला आहे.

ओझ्याबद्दल बोलतोच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. मार्केट यार्डात हमाल भवन आहे. बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत, १९६९चा माथाडी कायदा, १९७४पासूनची 'कष्टाची भाकर' ही खानावळ, शंभर किलोचं पोतं पन्नास किलोवर यावं म्हणून वर्षानुवर्षं चाललेलं भांडण, यांतलं बरंच काही या शहरात घडलं. माणसाच्या पाठीवर किती ओझं असावं, हा प्रश्न मला निव्वळ कामगार कायद्याचा वाटत नाही. ज्या भाषेच्या सर्वांत मोठ्या कवीनं स्वतःला हमाल म्हटलं, त्या भाषेत तो काव्यशास्त्राचा प्रश्न असायला हवा होता. एकाही समीक्षकाला तो तसा वाटला नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

बहिणाबाईंकडे या. १९५१च्या डिसेंबरात त्या गेल्या, १९५२ला गाणी छापली गेली, अत्र्यांची प्रस्तावना, पुढचं सगळ्यांना पाठ. मनावरची कविता शाळेत, खोप्याची कविता शाळेत. पण पेरनी, कापनी, रगडनी, उपननी अशी जी कामांची ओळ त्यांच्या गाण्यांत लागते, ती सलग वाचणारे किती? उपननीत त्या वाऱ्याला बोलावतात, कारण वारा आल्याशिवाय दाणे आणि भुसा वेगळे होत नाहीत. त्या वाऱ्याला देव म्हणायला अवघड जात नाही, कारण त्याच्यावाचून काम अडलेलं आहे. आपल्या नव्या ललित गद्यातही वारा असतो. तो पडदे हलवतो.

बालकवींच्या वाटेनं गेलेल्या फुलराण्यांच्या पलटणीबद्दल काही बोलण्यासारखं नाही. शिरीष पैंनी हायकू आणला तो ठीकच होता. त्यानंतर जो आला तो बहुतेक दमलेल्या कवींचा आहे. ग्रामीण दुःखाची मंचीय कविता टाळ्या घेते आणि खाली बसते. नव्वदोत्तरी कवींनी शहर पाहिलं हे खरं, पण ते त्यांनी ब्रँडच्या पाट्यांवरून पाहिलं.

शहर कसं पाहायचं हे मर्ढेकर १९४७मध्ये 'काही कविता'त दाखवून बसले होते. पिंपातले मेलेले उंदीर, गिरण्या, बंदर, नळ, आणि त्याला घाट अभंग-ओव्यांचा. लोकांना तो विडंबनाचा खेळ वाटला. काहींना अश्लील वाटलं म्हणून खटलाही झाला. मर्ढेकर मात्र गंभीर होते. संतांनी मळ्यात आणि मागावर जो देव पाहिला तो यंत्राच्या भोंग्यात कुठे सापडतो का, हा त्यांचा प्रश्न होता आणि सापडत नाही म्हणताना त्यांचा आवाज फाटत होता. त्यांच्यानंतर तो प्रश्न पुरता कळलेला एकच माणूस, अरुण कोलटकर. 'चिरीमिरी'तले बळवंतबुवा आठवा. आणि 'काळा घोडा'च्या इंग्रजी कवितांतली ती झाडूवाली, कचऱ्याच्या गाडीत उभी राहून पायांनी कचरा दाबणारी, जिचं नाव त्यानं मीरा ठेवलं. कोलटकर तिच्याबद्दल कळवळा दाखवत नाही. पाय कसे पडतात, कचऱ्यात काय काय आहे, ते सांगत राहतो. आणि सांगता सांगता भजन सुरू झालेलं असतं. यादी हीच प्रार्थना होते. (रामदासांनी 'बागप्रकरणा'त झाडांची नुसती नावं रचली आहेत, ते रूक्ष म्हणून हसणाऱ्यांनी कोलटकरानंतर ते पुन्हा वाचावं.)

चित्रकलेत हीच गोष्ट प्रभाकर बरव्यांनी केली. पान, घड्याळ, दोरा, डबी, सावली. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक आजही मराठीतलं कलेबद्दलचं सर्वांत शहाणं पुस्तक आहे, कारण त्यात वस्तूकडे बघता बघता माणूस बाजूला कसा सरतो हे कळतं. आज प्रदर्शनांत काय टांगलेलं असतं? बुद्धाचा चेहरा, पिंपळपान आणि सोनेरी वर्ख.

'देऊळ' (२०११) हा सिनेमा ज्यांनी पाहिला त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. गुरं राखणाऱ्या केशाला उंबराखाली दत्त दिसतो. तोवर ठीक असतं. पुढे त्याचं देऊळ होतं, दुकानं लागतात, आणि ज्याला दिसलं त्यालाच देव परका होतो. सगळे याला धर्माच्या बाजारीकरणावरची टीका समजले. मला ती आपल्या निसर्गसाहित्याची गोष्ट वाटते. दिसणं केशाचं आणि देऊळ दुसऱ्यांचं. महानोरांचं हेच झालं. 'रानातल्या कविता' (१९६७) हे पेरणाऱ्या माणसाचं पुस्तक आहे. त्यावर आपण सुगम संगीताचं देऊळ बांधलं.

यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. म्हणजे तुम्हाला हमालांच्या व्यथेच्या कविता हव्यात का? नकोत. व्यथा लिहिणाराही बहुतेक वेळा त्याच गॅलरीत असतो, फक्त त्यानं तोंड रस्त्याकडे केलेलं असतं. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत पडून चोखोबा गेले. त्यांच्यावर कळवळून लिहिणाऱ्यांना त्या भिंतीचे दगड कधी उचलून पाहावेसे वाटले नाहीत. मला हवी आहे ती माहिती. काटा कसा चालतो, ढेप कशी फोडतात, जूनच्या पहिल्या पावसात गाळ्यातल्या भिजलेल्या कांद्याला कसला वास येतो. ही माहिती ज्याला आहे त्याच्या लेखी देव असेल तर मी तो मान्य करीन. ज्याला नाही त्याचा देव मला केवळ सजावट वाटतो.

दुसरं उत्तर असं येतं की साधनेला शांतता लागते, गर्दीत कसलं अध्यात्म? हे कोण सांगतंय? ज्या भाषेत पालखी दरवर्षी पुण्याच्या भर पेठांत मुक्काम करते, जिच्या कवींनी जात्याच्या घरघरीत गाणी रचली, धंदा बुडाल्यावर अभंग रचले, तिच्यात शांततेची ही अट कुणी घातली? ती अट वीकएंडला शेतघरावर जाणाऱ्यांची आहे. मौन परवडणाऱ्यांनी मौनाचं तत्त्वज्ञान करावं, पण त्याला मराठी परंपरा म्हणू नये. फुले घराण्याचा धंदा फुलांचा होता आणि त्यांतल्या जोतीबांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, निर्मिकाचे अखंडही लिहिले. त्यांना एकासाठी दुसरं सोडावं लागलं नाही. आज फुलबाजारात दसऱ्याआधी झेंडूच्या ढिगांचे फोटो काढायला कॅमेरे घेऊन येणारी पोरं हमालाला 'जरा बाजूला व्हा' म्हणतात. त्या फोटोंवर खाली 'रंगांचा उत्सव' असं लिहिलेलं असतं आणि त्यालाच आता कला म्हणायचं आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी एकच विनंती आहे. निसर्ग विशेषांक काढायचाच असेल तर एक वर्ष पाऊस, प्राजक्त आणि कोकण यांवरचे लेख साभार परत पाठवून पाहा. पानं कमी पडली तर भुसार विभागातले भाव छापा. मी अंक तिथूनच वाचायला घेईन.