ऑर्मचें गुराबवर्णन : एक परीक्षण

आंगऱ्यांच्या आरमाराविषयीं लिहितांना रॉबर्ट ऑर्म याचा एक उतारा पुढें करण्याचा प्रघात आहे. त्याच्या इतिहासाचा पहिला भाग १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गुराब व गलबत यांचें वर्णन आहे. उतारा मोलाचा आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. आमचा आक्षेप त्याच्या अर्ध्याच वाचनास आहे.

ऑर्म सांगतो तें थोडक्यांत असें. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची फार तर १५० टनांची. नाळेकडे ९ वा १२ रत्तली गोळ्याच्या दोन तोफा, आडव्या भिंतीच्या झरोक्यांतून नीट पुढें मारा करणाऱ्या. बाजूच्या तोफा ६ ते ९ रत्तली. गलबतावरील तोफा तर २ ते ४ रत्तलीच. (गुराब हा शब्द अरबी, मूळ अर्थ कावळा. त्यास संस्कृत धातूंत ओढणाऱ्यांचा उत्साह आम्हांस, संस्कृतावर जन्मभर प्रेम करूनही, रुचत नाहीं.) उलट, साठांहून अधिक तोफांच्या तत्कालीन इंग्रजी लढाऊ जहाजाच्या खालच्या मजल्यावरील तोफ साधारणतः २४ रत्तली वा त्याहून जड असे. एवढे आंकडे मांडले कीं निर्णय दिला जातो: तोफा हलक्या, म्हणून आरमार दुबळें.

परंतु दीडशें टनांचें, उथळ खाड्यांत शिरणारें तारूं भार तरी किती सोसील? तोफ उडाली कीं तिचा मागला धक्का तारवाच्या लांकडास घ्यावा लागतो. जड तोफांच्या रांगेस भक्कम व मोठें जहाज हवें, आणि तशा जहाजास खोल पाणी हवें. शिवाय ऑर्मनेंच पुढें लिहिलें आहे कीं, वारा पडला म्हणजे गलबतें वल्ह्यांनीं गुराबा ओढीत नेत; सारीं तारवें शत्रूच्या पिछाडीस जमत; आणि तिन्ही डोलकाठ्या एकदम दृष्टीस पडूं लागल्या कीं नाळेवरील तोफांस बत्ती देत. ज्या अंगास शत्रूच्या तोफा थोड्या, तेंच अंग गांठावयाचें! काठी मोडण्यास १२ रत्तली गोळा पुष्कळ झाला. १७३५ सालीं कंपनीचें ‘डार्बी’ हें मोठें जहाज आंगऱ्यांनीं धरलें, तें याच हलक्या तोफांच्या आरमारानें.

ऑर्म आंगऱ्यांस चांचे मानतो, आणि विजयदुर्गाच्या लढाईच्या वेळीं तो मद्रासेस कौन्सिलांत होता. तरी त्याचें हें वर्णन आम्ही ग्राह्य धरतों. मात्र अठराव्या शतकाच्या मध्याचें हें चित्र शिवकालास बेधडक लावणें, हा प्रमाणाचा उघड दुरुपयोग होय.

राहिला विजयदुर्ग. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन चालून आला तेव्हां गुराबा बंदरांत नांगरून होत्या. तेथें पाठलाग नाहीं, पिछाडी नाहीं. नाळेवरील तोफांचें मर्मच नाहींसें झालें. एक उखळी गोळा ‘रेस्टोरेशन’ या, कंपनीकडूनच पूर्वीं धरलेल्या जहाजावर पडला, आणि आग पसरून आरमार जळालें. तें आरमार समुद्रावर कां निघालें नाहीं, हा प्रश्न रत्तलांच्या हिशेबानें सुटावयाचा नाहीं. तुळाजी त्या दिवशीं किल्ल्यांत नसून मराठ्यांच्या छावणींत होता, येथून त्याचा शोध सुरू केला पाहिजे.