गव्हावांचून संसार : आमच्या पाकग्रंथांचें एक परीक्षण

पाकग्रंथ हें वाङ्मय कीं नव्हे, या वादांत शिरण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ग्रंथपरीक्षणाचा एक नियम सर्व पुस्तकांस सारखाच लागू आहे, आणि तो हा कीं, लेखकानें आपला वाचक कोण मानला आहे, हें प्रथम पाहावें. काव्याच्या बाबतींत हा नियम चुकला तर फार तर रसहानि होते. पाकग्रंथाच्या बाबतींत तो चुकला तर वाचकाच्या प्रकृतीवर बेतते. हें विधान अतिशयोक्तीचें वाटण्याचा संभव आहे. म्हणून तें आम्हांस कसें सुचलें, तें आधीं सांगतों.

भुदरगड तालुक्याचें ठाणें जें गारगोटी, तेथें आमच्या भगिनीचें घर आहे. तिची नऊ वर्षांची कन्या दोन वर्षें सारखी आजारी असे. पोट बिघडे, वजन वाढत नसे आणि लोहाच्या गोळ्या देऊनही अंगावर रक्त दिसत नसे. अखेर कोल्हापुरास रक्ताची तपासणी झाली, आंतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तोही तपासण्यांत आला आणि ‘सीलिअक’ हें नांव घरांत आलें. डॉक्टरांनीं औषध असें दिलेंच नाहीं. गहू, सातू आणि राय हीं तीन धान्यें जन्मभर वर्ज्य, एवढेंच त्यांचें सांगणें. राय गारगोटींत कोणी पाहिलेली नाहीं व सातू क्वचितच येतो. राहिला गहू. “तांदूळ-नाचणीचा आपला मुलूख, गहू सोडणें तें काय कठीण?” असें घरांतील सर्वांस वाटलें. आम्हांसही तसेंच वाटलें.

या विकाराचें स्वरूप थोडक्यांत असें आहे. गव्हांत ग्लूटेन नांवाचें एक चिवट प्रथिन असतें. कणकेस जो ताण येतो, पोळी लाटतांना जी फाटत नाहीं, तो याचाच गुण. सीलिअक मनुष्याचें शरीर या प्रथिनास शत्रु समजून त्याशीं लढूं लागतें आणि त्या लढाईंत स्वतःच्याच लहान आंतड्याचें अस्तर झिजवून टाकतें. मग खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं. सॅम्युएल गी या इंग्रज वैद्यानें 1888 सालीं या रोगाचें वर्णन केलें. परंतु दोष गव्हाचा आहे, हें विलेम डिके या डच बालवैद्यानें दाखविलें. त्याचे प्रयोग 1930 नंतरच्या दशकांतच सुरू झाले होते. पुढें 1944-45 च्या हिवाळ्यांत हॉलंडांत भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. आणि त्या दुष्काळांत सर्व मुलें खंगत असतां हीं रोगी मुलें मात्र सुधारलीं. पाव परत आला, तसा त्यांचा रोगही परत आला. या अनुभवानें त्याच्या मतास बळ आलें व 1950 सालीं त्यानें आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्या दुष्काळानें शिकविलेला धडा आज गारगोटीच्या चुलीपुढें गिरवावा लागत आहे.

आतां ग्रंथांकडे वळूं. भगिनीच्या घरीं पाकपुस्तकें आहेत आणि तीं वाचलींही जातात. मराठीला या प्रकारच्या लेखनाची परंपरा थोडीथोडकी नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ 1875 सालीं छापून निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ 1910 चें. आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 सालीं प्रसिद्ध होऊन घरोघरीं पोंचली. वाटी-चमच्याचें प्रमाण देऊन नवशिक्या मुलींस धीर देण्याचें जें काम ‘रुचिरे’नें केलें, त्याबद्दल महाराष्ट्रानें तिचें ऋणी असावें. परंतु गव्हावांचून स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीनें पाहूं लागल्यावर या सबंध वाङ्मयाचा एक दोष डोळ्यांत भरतो. तो दोष रुचीचा नव्हे, शब्दांचा आहे.

‘चिमूटभर हिंग’ हे दोनच शब्द घ्या. आमच्या पाकवाङ्मयांत यांहून निरुपद्रवी शब्द क्वचितच सांपडतील. भगिनीनें पोळी बंद केली, शेवया बंद केल्या, बिस्किटें बंद केलीं. सहा महिन्यांनीं मुलीचें रक्त पुन्हां तपासलें, तों अंक उतरावयास हवे होते तितके उतरलेले नव्हते. तेव्हां घरांतील एकेक डबा खालीं काढून त्यावरील बारीक अक्षरें वाचण्याचा उद्योग सुरू झाला. हिंगाच्या डबींत गव्हाचें पीठ होतें. शुद्ध हिंग फार उग्र. म्हणून बाजारांतील बांधणीचा हिंग पीठ व डिंक घालून तयार करितात, आणि तें पीठ कधीं तांदळाचें, तर पुष्कळदां गव्हाचें असतें. सहा महिने त्या मुलीच्या आमटींत रोज चिमूटभर गहू जात होता.

हिंगाची जी गोष्ट, तीच इतर शब्दांची. नुसता ‘रवा’ म्हटला कीं तो गव्हाचा, हें गृहीतच आहे. ‘भाजणी’ या शब्दांत किती धान्यें येतात, तें प्रत्येक घरावर अवलंबून. चकलीच्या भाजणींत बहुधा गहू नसतो, थालीपिठाच्या भाजणींत बहुधा असतो. मेतकुटांत मूठभर गहू घालण्याची पुष्कळ घरांची चाल आहे. सातूचें पीठ म्हणजे तर वर्ज्य धान्यच. आणि ‘गव्हाचा चीक’ हा शब्द सर्वांत फसवा. गहू भिजवून, वाटून, चोथा काढून टाकला कीं गव्हाचा दोषही गेला, असें कुरडई करणारीला वाटावें, हें स्वाभाविक आहे. परंतु घरगुती गाळण्यानें तो सर्व जात नाहीं आणि कुरडई वर्ज्यच ठरते.

येथें कोणी म्हणेल, कीं त्या ग्रंथकारांस हा दोष लावणें अन्याय्य आहे. तें खरें आहे. पहिलीं दोन पुस्तकें डिकेच्या प्रबंधापूर्वींचीं आहेत. ‘रुचिरा’ नंतरची, परंतु हा विकार हिंदुस्थानांत मुख्यतः गहू खाणाऱ्या उत्तरेकडे आढळतो, असाच पुष्कळ काळ समज होता, आणि तो निराधार नव्हता. 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत या विकाराचीं चिन्हें रक्तांत असणाऱ्यांचें प्रमाण उत्तरेस शेंकडा 1.23, तर दक्षिणेस शेंकडा 0.10 आढळलें. दोहोंकडे लोकांची जन्मजात प्रवृत्ति जवळजवळ सारखीच निघाली. फरक होता तो मुख्यतः ताटांतील गव्हाचा. तेव्हां ज्या मुलखांत भाकरी मागें पडून पोळी रोजची झाली आहे, तेथें हा प्रश्न पुढें येणारच. जुन्या ग्रंथकारांस क्षमा आहे. जे आज लिहितात, त्यांस ती नाहीं.

आज लिहिणाऱ्यांचे आम्हांस दोन वर्ग दिसतात. पहिला वर्ग भाषांतरकारांचा. डॉक्टरांकडून परततांना भगिनीच्या हातीं जें पत्रक पडलें, तें या वर्गांतील होतें. गव्हाऐवजीं बदामाचें पीठ घ्यावें, किन्वा घ्यावा, पिठास चिकटपणा येण्यासाठीं अमुक परदेशी गोंद घालावा, असा त्यांतील उपदेश. त्यांतील एकही वाक्य खोटें नव्हतें. तथापि तें सबंध पत्रक निरुपयोगी होतें, कारण त्याच्या कर्त्यानें डोळ्यांपुढें आणलेलें स्वयंपाकघर गारगोटींत नाहीं. चिकटपणाचा जो प्रश्न त्यास एवढा बिकट वाटला, तो आमच्या आज्यांनीं उकड काढून कधींच सोडविला आहे. पिठावर आधणाचें पाणी पडलें कीं त्यांतील पिष्ठ फुगतें, पीठ आपोआप धरून येतें आणि तांदळाची भाकरी थापतां येते. मोदकाची पारी, घावन, आंबोळी, ज्वारीची व नाचणीची भाकरी, हीं सर्व ग्लूटेनवांचून उभीं आहेत. दिवाळीच्या फराळांतही करंजी, शंकरपाळे व चिरोटे गेले तरी अनारसे, बेसनाचे लाडू आणि चिवडा शिल्लक राहतात. हिंग तेवढा पारखून घ्यावा. अर्थात् आमच्या गृहिणीस नवी पाककला शिकवावयाची नाहीं. तिला येत असलेल्या कलेंतील निर्धोक भाग कोणता, एवढेंच दाखवावयाचें आहे. भाषांतरकारास हें कळलें नाहीं, कारण त्यानें मूळ पत्रक वाचलें, पण वाचक वाचला नाहीं.

दुसरा वर्ग याहून घातक. हे लोक अस्सल देशी भाषेंत लिहितात. खपली गहू हा आमच्याच कृष्णाकांठचा. पूर्वजांचा, पौष्टिक आणि पचावयास हलका. तेव्हां ज्यांस साधा गहू सोसत नाहीं, त्यांनीं खपली खावा, असा त्यांचा पुकारा असतो. खपली गव्हाची खीर आम्हांसही प्रिय आहे. परंतु खपली हा गहूच आहे, त्यांत ग्लूटेन आहे आणि सीलिअक रोग्यास तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य आहे. येथें भाषेचा अभिमान आणि मातीचें प्रेम यांचा उपयोग विचार झांकण्यासाठीं केला जातो. गांवांतील एका स्नेह्यानें अत्यंत सद्भावानें खपलीची पिशवी घरीं आणून दिली, तेव्हां ती परत करतांना भगिनीस जो संकोच वाटला, तो अशाच लेखांचा प्रसाद होय. याच वर्गाचा दुसरा उपदेश असा, कीं तपासणीच्या नादीं न लागतां आधीं महिना-दोन महिने गहू सोडून पाहावा. हा तर उघड अपाय आहे. कारण गहू सोडल्यावर रक्तांतील खूण हळूहळू नाहींशी होते आणि रोग असूनही तपासणींत दिसत नाहीं. तपासणी आधीं, पथ्य मागाहून, हाच क्रम योग्य.

दोन्ही वर्गांच्या लेखनांत आणखी एक उणीव आहे. तें ताटापुरतेंच पाहतें. ताटाच्या मागची गिरणी आणि पुढची पंगत त्याला दिसत नाहीं. गांवच्या गिरणींत गव्हाच्या मागून ज्वारी दळली, कीं पात्यांतला गहू ज्वारींत उतरतो. वेष्टनावर ‘ग्लूटेनमुक्त’ असें छापावयाचें तर एका किलोंत 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असूं नये, असा आपल्याकडील नियम आहे. या प्रमाणापुढें गिरणींतली मूठभर धूळ म्हणजे डोंगरच. उपवासाचें उदाहरण तर मौजेचें आहे. वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, यांतील एकांतही ग्लूटेन नाहीं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण या मुलीच्या बाबतींत अक्षरशः खरी ठरली. इतर दिवशीं जिला निवडून खावें लागे, ती एकादशीस घरच्या सर्वांच्या पंक्तीस निःशंक बसूं लागली. परंतु राजगिऱ्याचें पीठ त्याच गिरणींतून आलें, तर एकादशीही बाधते. भगिनीच्या सासूबाईंनीं मागल्या पडवींत पालथें पडलेलें जातें धुऊन, टांकी लावून घेऊन पुन्हां मांडलें, तें या कारणानें.

पंगतीचा प्रश्न याहून नाजूक. शेजारच्या घरीं सत्यनारायणाच्या पूजेस मुलीनें शिऱ्याचा प्रसाद हातीं घेतला नाहीं. सासूबाईंस वाईट वाटलें. प्रसादास नाहीं म्हणूं नये, कणभर खाल्ल्यानें काय होतें, असें त्या बोलून गेल्या. मुलगी रडली. पुढें हिंगाची हकीकत उघडकीस आली आणि कणभर खाल्ल्यानें काय होतें, तें सासूबाईंस कागदावर दिसलें. त्यानंतर घरच्या पूजेस त्यांनीं स्वतः तांदळाच्या रव्याचा शिरा केला आणि तोच सर्वांस वाटला. मुलीचा प्रसाद निराळा काढला नाहीं, यांत त्यांचें शहाणपण दिसतें. हा प्रसंग आमच्या कोणत्याही पथ्यपुस्तकांत नाहीं. आणि पथ्य मोडतें तें बहुधा अशाच प्रसंगीं.

शेवटीं एका अप्रकाशित ग्रंथाचा उल्लेख करणें आम्हांस प्राप्त आहे. भगिनीनें एक वही घातली आहे. तींत डाव्या पानावर पदार्थ आणि उजव्या पानावर तो कोठें फसला, हें लिहिलेलें असतें. कोणत्या दुकानचें पीठ, कोणत्या दिवशीं दळलें, तव्याला आधीं पोळी लागली होती काय, परक्या घरीं कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला असतां यजमानीण दुखावली नाहीं, हें सर्व तींत आहे. ही वही निर्दोष नाहीं. प्रमाणें दिलेलीं नाहींत. पुष्कळ नोंदी तिच्याशिवाय कोणास लागणार नाहींत. आणि लोह व जीवनसत्त्वें यांविषयीं जें लिहिलें आहे, तें एखाद्या जाणत्या वैद्यानें तपासावयास हवें. तरीही उपर्युक्त पत्रकांपुढें आम्ही तीच पसंत करूं. कारण तिचा वाचक कोण, याबद्दल लेखिकेच्या मनांत क्षणभरही संदेह नाहीं.

आमची मागणी एवढीच आहे. पाकग्रंथांच्या नव्या आवृत्ति काढणाऱ्यांनीं प्रत्येक पाककृतींत पीठ कशाचें, रवा कशाचा, हिंग कोणता, हें स्पष्ट लिहावें, आणि गहू नसलेल्या पदार्थांची एक सूचि शेवटीं जोडावी. यास दहा-बारा पानें लागतील. गारगोटीच्या त्या मुलीचें वजन गेल्या वर्षांत साडेतीन किलोंनीं वाढलें. परंतु त्यापूर्वींचे सहा महिने जे वायां गेले, ते एका मोघम शब्दामुळें गेले, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.