‘शोधून काढ’ आणि ‘फाइंड आउट’
(युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इंग्रजीवर बोलायचं म्हटलं की समोरची पोरं जरा अंग चोरून बसतात. आज तसं बसू नका. आम्ही इंग्रजी शिकवायला उभे नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या पुस्तकांची जरा झडती घ्यायला उभे आहोत. मुद्दा एकच धरलाय: क्रियापद आणि त्याला चिकटून येणारे छोटे शब्द. अप, ऑफ, आउट, ऑन, टू, विथ, अबाउट. आपल्या मुलांचे मार्क इथंच जातात, आणि मुलाखतीत तोंडही इथंच बंद पडतं.

आम्ही शाळेत असताना निबंधात ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ असं लिहिलं होतं. ‘अबाउट’वर लाल फुली आली. का, ते कुणी सांगितलं नाही. ‘टॉक अबाउट’ चालतं, ‘डिस्कशन अबाउट’ चालतं, मग ‘डिस्कस अबाउट’नंच काय घोडं मारलं? पुष्कळ वर्षं आम्हाला वाटत राहिलं, की खोट आपल्या डोक्यातच आहे. तसं नव्हतं. डोक्यात मराठी नीट चालू होती. ‘प्रश्नाविषयी चर्चा केली’, म्हणून ‘अबाउट’ आलं.

आता पोरांच्या नेहमीच्या चुका बघा. ‘ही मॅरीड विथ हर’. का? तिच्याशी लग्न केलं, म्हणून. ‘आय आस्क्ड टू हिम’. त्याला विचारलं, म्हणून. ‘आय लिसन म्युझिक’. गाणी ऐकतो, तिथं मराठीला प्रत्यय लागत नाही, म्हणून ‘टू’ गळाला. एकही चूक आंधळी नाही. प्रत्येक चुकीच्या मागं मराठीचा एक प्रत्यय उभा आहे, किंवा प्रत्यय नसणं उभं आहे. ज्या पुस्तकाला हे दिसत नाही, ते फुल्या मारण्यापलीकडं काही करू शकत नाही.

आणि आपण इंग्रजीला नावं ठेवतो, ‘काही नियमच नाही बुवा’ म्हणतो, तेव्हा जरा घरात बघावं. भावाशी भांडतो, भावावर रागावतो, भावाला हसतो, भावाचा हेवा करतो. भाऊ तोच. क्रियापद बदललं की शी, वर, ला, चा. याला काय नियम आहे? अंधाराला भितो, का बरं ‘ला’? मराठी शिकायला आलेला परका माणूस इथं असाच अडखळतो. आपण अडखळत नाही, कारण आपण ‘भिणे’ असं सुटं कधी शिकलोच नाही. ‘कशाला तरी भिणे’ असं जोडीनं शिकलो. इंग्रजी क्रियापदही असंच जोडीनं घ्यावं लागतं: ‘लिसन टू’, ‘डिपेंड ऑन’. आणि ‘डिस्कस’ मात्र एकटं.

आता पुस्तकांकडं येऊ. दोन तऱ्हा आहेत. जुनी तऱ्हा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची. कित्येक घरांत आजोबांनी ती गिरवली. नियम, मग वाक्यं. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. आज तिला हसायची फॅशन आहे. आम्ही हसणार नाही. मुलगा मराठीत विचार करतो, हे त्या पद्धतीनं कबूल केलं होतं. तिचं उणं वेगळं आहे. भाषांतर शब्दाला शब्द ठेवायची सवय लावतं, आणि आपला आजचा विषय नेमका तिथंच निसटतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे? नाही, सोडून देणे.

नवी तऱ्हा गाइडांची. एक क्रियापद, खाली त्याची दहा पोरं, ए पासून झेडपर्यंत. ‘पुट ऑफ’, ‘पुट ऑन’, ‘पुट आउट’, ‘पुट अप विथ’. समोर अर्थ. पाठ करा. ही यादी चुकीची नसते, पण मुकी असते. कुठला शब्द का चिकटला, हे ती सांगत नाही. जुन्या तऱ्हेत निदान मराठी होती. यादीत मराठी फक्त अर्थापुरती उरली. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. आधी पाचवीपासून होती. चार वर्षं वाढली, पण यादी तीच राहिली तर पोरांच्या पदरात काय पडणार?

यात इंग्रजांनाही सगळं सोपं वाटत होतं असं नाही. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत परक्यांना सगळ्यात जड जाते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तर लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकामुळं रूढ झालं. चीज जुनी, नाव अलीकडचं.

मग आमची तक्रार नेमकी काय? दादोबा पांडुरंगांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चं. तेव्हापासून आपलं शाळेतलं व्याकरण बरंचसं इंग्रजी व्याकरणाच्या वळणानं गेलं. त्यातून एक समीकरण पक्कं बसलं: प्रीपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय. अर्धं खरं आहे. ‘ऑन द टेबल’, टेबलावर, जमलं. पण ‘फाइंड आउट’मधल्या ‘आउट’चं शब्दयोगी अव्यय कुठं शोधणार? तिथं मराठी अव्यय वापरतच नाही. मराठी दुसरं क्रियापद वापरते. ‘शोधून काढ’.

हा ‘काढ’ नीट ऐका. काढणे म्हणजे बाहेर आणणे. ‘आउट’ म्हणजे बाहेर. फाइंड आउट, शोधून काढ. पिक आउट, निवडून काढ. राइट आउट, लिहून काढ. स्वीप आउट, झाडून काढ. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तीच युक्ती केली! ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’ घ्या: करत राहा. ‘ऑन’चं काम आपला ‘राह’ करतो. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’: खाऊन टाक, पिऊन टाक. काम पुरं झालं, मागं काही उरलं नाही. दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ात संयुक्त क्रियापदांची चर्चा आहे. म्हणजे सामान घरात होतं. ते इंग्रजीच्या तासाला कुणी बाहेर काढलं नाही.

हे प्रत्येक ठिकाणी जुळत नाही, हेही सांगायला हवं. ‘टाक’मध्ये एकदाचं उरकल्याची छटा आहे, ‘अप’मध्ये ती असेलच असं नाही. ‘करून बसला’ यातला पश्चात्ताप इंग्रजीच्या एका छोट्या शब्दात मावत नाही. म्हणून हे सूत्र नव्हे, दार आहे. आत गेल्यावर चालावं लागतंच.

एक कसोटी मात्र पाठ करा. ‘टर्न ऑफ द लाइट’. आता ‘लाइट’च्या जागी ‘इट’ घाला. ‘टर्न इट ऑफ’ होतं. ‘इट’ मध्ये आलं, म्हणजे ‘ऑफ’ क्रियापदाचा सोबती. ‘लुक आफ्टर द चाइल्ड’ घ्या. ‘लुक हर आफ्टर’ होत नाही, ‘लुक आफ्टर हर’च म्हणावं लागतं. म्हणजे इथला ‘आफ्टर’ नामाच्या आधीच बसणार. सर्वनाम घालून बघायचं, शब्द आपण होऊन आपली जात सांगतो. एवढी एक ओळ यादीच्या वर छापली, तरी निम्मा गोंधळ मिटेल.

शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला तो सगळ्यात मोठा वाटतो. आपली मुलं ‘पोस्टपोन’ शिकतात, ‘टॉलरेट’ शिकतात, ‘इन्व्हेस्टिगेट’ शिकतात. बोलणारा माणूस ‘पुट ऑफ’ म्हणतो, ‘पुट अप विथ’ म्हणतो, ‘लुक इंटू’ म्हणतो; मग मुलं गोंधळतात. आपल्याकडंही ‘स्थगित करणे’ आणि ‘पुढं ढकलणे’, ‘सहन करणे’ आणि ‘खपवून घेणे’ असे दोन मजले आहेतच. आपण मुलांना इंग्रजीच्या वरच्या मजल्यावर नेऊन सोडलं आणि जिना दाखवलाच नाही. आपल्या भागातल्या पोराला तर दोन मजले चांगले ठाऊक असतात. घरी ‘काय करायलास?’ आणि वहीत ‘काय करत आहेस?’ हे तो पहिलीपासून सांभाळतो. ही त्याची अडचण म्हणून मोजली जाते. ती तयारी म्हणून मोजायला हवी.

या भागात ऊसतोडीची उचल काय असते, हे कुणाला सांगायला नको. तिथूनच बघा. मजुरीचे पैसे देणे, ‘पे’. वस्तूचे पैसे मोजणे, ‘पे फॉर’. उसनं परत करणे, ‘पे बॅक’. आणि उचल एकदाची फेडून टाकणे, ‘पे ऑफ’. यातला एकही अर्थ समोरच्या पोराला नवा नाही. घरात रोज बोलला जाणारा हिशेब आहे. नवे आहेत ते फक्त तीन छोटे शब्द.

गुरुजनांना विनंती एवढीच: पुढच्या वेळी ‘डिस्कस अबाउट’ दिसलं, तर फुली जरूर मारा. पण शेजारी ‘विषयी’ असं लिहा. पोराला कळेल, चूक कुठून आली.

आता तुम्ही बोला. प्रश्न मराठीत विचारलेत तरी चालतील.