पॅकेज मॅनेजर : सोय कोणाची, भरवसा कोणावर?

जावास्क्रिप्ट शिकवणारी बहुतेक पुस्तके आणि चित्रफिती एका ठिकाणी येऊन अचानक घाई करू लागतात. 'एनपीएम इन्स्टॉल' असे लिहा, पुढे पॅकेजचे नाव लिहा, एंटर दाबा. पडद्यावर ओळी सरकतात, 'नोड मॉड्यूल्स' नावाचे एक फोल्डर तयार होते आणि धडा पुढे जातो. त्या फोल्डरात काय आले, ते कोणी पाठवले, उद्या पुन्हा मागवले तर तेच येईल का, हे विद्यार्थी विचारत नाही, कारण पुस्तकानेही ते विचारलेले नसते. आमची तक्रार मुख्यतः या घाईविषयी आहे. थोडी त्या साधनाविषयीही आहे.

आधी साधनाचे देणे मान्य करू. रायन डाल यांनी २००९ साली नोड ही प्रणाली आणली आणि ब्राउझरमध्ये राहणारी जावास्क्रिप्ट संगणकावर स्वतंत्रपणे चालू लागली. पाठोपाठ २०१० मध्ये आयझॅक श्लूटर यांचे एनपीएम आले. त्यापूर्वी दुसऱ्याने लिहिलेला कोड वापरायचा तर फाइल उतरवून घ्यायची, आपल्या फोल्डरात ठेवायची आणि कोणती आवृत्ती घेतली हे विसरून जायचे, अशी रीत होती. त्या फाइलला आणखी दोन फाइली लागत असतील तर त्या शोधणे आपल्याच माथी. पॅकेज मॅनेजर हे काम करतो. 'अ' ला 'ब' ची पहिली आवृत्ती हवी आणि 'क' ला त्याच 'ब' ची दुसरी हवी, असा पेच आला तर एनपीएम दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून दोघांनाही खूश करतो. अनेक भाषांच्या पॅकेज मॅनेजरांना हे साधत नाही. फोल्डर फुगते ते यामुळेही.

आता आवृत्तीच्या आकड्यांकडे वळू. १.४.२ अशा आकड्यात पहिला अंक मोठा बदल दाखवतो, दुसरा नवी सोय आणि तिसरा दुरुस्ती. एनपीएम आपल्या यादीत, म्हणजे 'पॅकेज डॉट जेसन' या फाइलमध्ये, आकड्यापूर्वी एक लहानशी टोपी घालून ठेवतो. टोपी घातलेल्या १.४.२ चा अर्थ होतो : १.४.२ किंवा त्यानंतरचे, २.०.० च्या आतले काहीही चालेल. आपण लिहिले एक, पण मागितले बरेच काही. नवी आवृत्ती जुने काही मोडणार नाही, असे या पद्धतीने गृहीत धरलेले असते. ते पाळणे मात्र सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या हाती.

आमच्या शिक्षक मित्रांना, विशेषतः उमरगा तालुक्यातल्या मुरुमसारख्या भागात शिकवणाऱ्यांना, याचे उदाहरण दूर शोधायला नको. जून उजाडला की सोयाबीनचे बियाणे घ्यायला माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, 'जेएस ३३५ द्या, नसेल तर तसलेच दुसरे द्या.' (जावास्क्रिप्टलाही लोक 'जेएस' म्हणतात, हा निव्वळ योगायोग.) ही झाली टोपीवाली मागणी. प्रत्यक्षात जी पिशवी मिळते तिच्यावर टॅग असतो, त्यावर लॉट क्रमांक असतो, आणि जाणता शेतकरी पावती, टॅग, पिशवी आणि मूठभर बियाणे जपून ठेवतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या, तेव्हा हा जपून ठेवलेला ऐवज कामी येणारा होता.

एनपीएमची 'लॉक फाइल' हा तो ऐवज. कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती आली आणि तिचा गणिती ठसा काय, हे तिच्यात नोंदलेले असते. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. ही सोय एनपीएममध्ये रुळली ती २०१७ साली, पाचव्या आवृत्तीपासून; त्याआधी २०१६ च्या ऑक्टोबरात फेसबुकने यार्न हा वेगळा मॅनेजर काढून ती दिली होती. म्हणजे सात वर्षे लाखो लोक टॅगशिवाय बियाणे नेत होते.

मात्र इथे एक गैरसमज होतो, आणि तो चांगल्या पुस्तकांतही दिसतो. ठसा जुळला म्हणजे पॅकेज सुरक्षित, असे सांगितले जाते. ते खरे नाही. ठसा एवढेच सांगतो की काल घेतली तीच पिशवी आज आली. आतले बी किडके असेल तर ठसा किडक्या बियाचाही तंतोतंत जुळतो.

बी किडके कसे निघते? २२ मार्च २०१६ रोजीची गोष्ट सर्वांत प्रसिद्ध आहे. 'किक' या नावावरून एका कंपनीशी वाद झाला, एनपीएमने नाव कंपनीला दिले आणि रागावलेल्या अझर कोचुलू यांनी आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे मागे घेतली. त्यांत 'लेफ्ट पॅड' नावाचे अकरा ओळींचे पॅकेज होते. काम इतकेच : अक्षरमालेच्या डावीकडे हवी तितकी चिन्हे भरणे. बॅबेलसारखी मोठी साधने त्यावर टेकलेली होती, आणि जगभरातल्या प्रकल्पांची बांधणी काही तास कोलमडली. शेवटी एनपीएमने ते पॅकेज लेखकाच्या इच्छेबाहेर परत ठेवले आणि पुढे मागे घेण्याचे नियम कडक केले.

यातून 'सगळे स्वतः लिहा' असा बोध अनेकांनी काढला. तो आम्हांला पटत नाही. कूटलेखन किंवा कालक्षेत्रांचे हिशेब हौशीने स्वतः लिहू नयेत. तिथे दहा जणांनी तपासलेला कोडच बरा. खरा प्रश्न प्रत्येक वेळी वेगळा विचारावा लागतो. हजेरीपत्रकासाठी ७ चा ००७ करायचा असेल तर २०१७ पासून भाषेतच 'पॅडस्टार्ट' आहे, एक ओळ पुरते. (भरण्यासाठी देवनागरी शून्य आपण होऊन द्यावे लागते, नाहीतर डावीकडे मोकळ्या जागा भरल्या जातात.) १,२३,४५६ असा मराठी आकडा हवा तर तोही भाषेच्या अंगभूत सोयीने मिळतो. यासाठी पॅकेज मागवणे म्हणजे मूठभर मिठासाठी आठवडी बाजार गाठणे.

लेफ्ट पॅडमध्ये कोणाचा वाईट हेतू नव्हता. २०१८ साली तसे राहिले नाही. 'इव्हेंट स्ट्रीम' या लोकप्रिय पॅकेजची देखभाल करायला डॉमिनिक टार यांना वेळ नव्हता. एका अनोळखी माणसाने मदत देऊ केली, त्यांनी हक्क सोपवले. नव्या माणसाने एक लहान पॅकेज जोडले आणि त्यातून एका बिटकॉइन पाकिटावर डल्ला मारण्याची तजवीज केली. सप्टेंबर २०२५ मध्ये 'चॉक' आणि 'डीबग' धरून अठरा पॅकेजे एका देखभाल करणाऱ्याला फसव्या पत्राने गाठून बिघडवली गेली. त्याच महिन्यात एक जंत आला, जो एका लेखकाच्या खात्यातून दुसऱ्या पॅकेजात आपोआप पसरत गेला. दर वेळी वापरणाऱ्याने काय केले होते? नेहमीचे दोन शब्द लिहिले होते.

२०१९ साली झिमरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले की एनपीएमवरचे सरासरी एक पॅकेज घेताना आपण इतर ७९ पॅकेजांवर आणि ३९ देखभालकर्त्यांवर नकळत विश्वास टाकतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला डांबर दिसते, खालचा मुरूम दिसत नाही, तसे हे आहे. फरक इतकाच की मुरूम रातोरात बदलत नाही.

साधनाविषयी आमचा मुख्य आक्षेप आता मांडतो. पॅकेज बसवतानाच त्यातला कोड आपल्या यंत्रावर चालवण्याची मुभा एनपीएमने वर्षानुवर्षे न विचारता दिली. पिशवी घरात आणताच ती आपोआप शेतात फाकली जावी, तसे हे झाले. जंत पसरला तो याच वाटेने. ही मुभा बंद करण्याची सोय होती, पण ती शोधून लिहावी लागे. पीएनपीएम या दुसऱ्या मॅनेजरने आपल्या दहाव्या आवृत्तीत, जानेवारी २०२५ मध्ये, उलट रीत घेतली : आधी बंद, हवे त्याला नाव घेऊन परवानगी. हीच रीत आम्हांला योग्य वाटते. नोडचे जनक डाल यांनीही २०१८ साली बर्लिनच्या परिषदेत आपल्या पश्चात्तापांची यादी वाचली, त्यांत 'पॅकेज डॉट जेसन' आणि 'नोड मॉड्यूल्स' दोन्ही होती.

वर्गात काय करावे? बारावीच्या माहिती तंत्रज्ञानात जावास्क्रिप्ट आहे आणि हुशार मुले एनपीएमपर्यंत आपणहून पोचतात. अशा मुलांकडून एक पॅकेज बसवून घ्या आणि लगेच कोड लिहायला न लावता लॉक फाइल उघडायला सांगा. नोंदी मोजू द्या. त्यांतली कोणतीही पाच नावे निवडून, हे का आले, कोणामुळे आले, याची वंशावळ फळ्यावर काढू द्या. 'एनपीएम एलएस' ही आज्ञा त्यासाठीच आहे. मग तेच काम पॅकेजशिवाय किती ओळींत होते ते पाहा. काही वेळा तीन ओळींत होते, काही वेळा मुले हात टेकतात. दोन्ही पाहणे गरजेचे. दुसऱ्या यंत्रावर तोच प्रकल्प 'एनपीएम सीआय' ने बसवला की लॉक फाइलबरहुकूम तेच येते, टोपी मध्ये येत नाही. 'इन्स्टॉल' आणि 'सीआय' यांतला हा भेद आम्हांला फार थोड्या मराठी टिपणांत सापडला.

जिथे वीस संगणक आणि एकच लंगडी जोडणी आहे, तिथे वीस वेळा तेच उतरवण्यात अर्धा तास जातो. एका यंत्रावर 'वर्दाचियो' हा स्थानिक साठा चालवता येतो. पॅकेज एकदा बाहेरून येते आणि बाकीची एकोणीस यंत्रे ते त्याच्याकडून घेतात. वीज गेली नाही तर वंशावळ त्याच तासात पुरी होते.