फाइल म्हणावी का हिला?

युनिक्समध्ये सगळं काही फाइलच असतं, हे वाक्य संगणकाच्या वर्गात इतक्यांदा ऐकवलं जातं की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. तपासायचंच तर नाव दिलेला पाइप, म्हणजेच फिफो, हातात घ्यावा. एका प्रोग्रॅमनं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं. आधी आलेली अक्षरं आधी बाहेर. रेशनच्या रांगेसारखं.

सी भाषेत फिफो बनवायला ‘एमकेफिफो’ हे फंक्शन आहे. त्याला नाव आणि परवानग्यांचा आकडा द्यायचा, बस्स. पूर्वी हे काम ‘एमकेनॉड’ या सरमिसळ फंक्शनकडून करून घ्यावं लागे. १९८८ च्या पॉझिक्स मानकानं वेगळं फंक्शन दिलं, हे बरंच झालं. तक्रार आहे ती या सुटसुटीतपणातून होणाऱ्या गैरसमजाबद्दल.

फंक्शननं शून्य परत केलं, की विद्यार्थी समजतो, पाइप तयार झाला. खरं तर फक्त डिरेक्टरीत एक नाव उमटलेलं असतं. यादीत त्याच्यापुढे ‘पी’ दिसतो आणि लांबी शून्य. अक्षरं डिस्कवर जातच नाहीत, ती कर्नलच्या स्मृतीतून जातात. मग विद्यार्थी ती ‘फाइल’ लिहिण्यासाठी उघडतो आणि प्रोग्रॅम तिथेच थबकतो. चूक काहीच नसते! वाचणारा कुणी येईपर्यंत ‘ओपन’नं वाट पाहायची, असाच नियम आहे. दुसऱ्या टर्मिनलवर ‘कॅट’नं तेच नाव वाचायला घेतलं, की गाडी सुटते. पण हे न सांगितल्यामुळे मुलं बरोबर असलेला प्रोग्रॅम खोडत बसतात.

दोन फिफो घेऊन दुतर्फा संवाद करायला गेलं तर आणखी गंमत. दोन्ही प्रोग्रॅमनी आपापला लिहिण्याचा फिफो आधी उघडायचं ठरवलं, तर ‘पहले आप’ म्हणत दोघेही कायमचे अडकतात. शिवाय यात मागे जाता येत नाही; ‘एलसीक’ चुकीचा संकेत देतं, आणि वाचलेलं अक्षर गेलं ते गेलंच. ही कसली फाइल?

परवानग्यांचंही तसंच. मागायची ०६६६, पण युमास्क ०२२ असेल तर मिळते ०६४४, आणि तीही मुकाट्यानं. सुरक्षेसाठी ते योग्य असेल, पण आपल्या गटातल्या सोबत्याला त्या पाइपात लिहिता का येत नाही, हे विद्यार्थ्याला कळायचं कसं?

नमुन्याच्या प्रोग्रॅममध्ये फंक्शनचं उत्तर तपासलेलं नसतं, ही सवय मात्र अक्षम्य. दुसऱ्यांदा चालवल्यावर ते नाव आधीच असतं, फंक्शन उणे एक परत करतं, आणि त्याकडे कुणी पाहत नाही. त्या नावाची साधी फाइल तिथे पडलेली असली, तर पुढचं लेखन बिनबोभाट तिच्यात जाऊन बसतं.